न गिळलेलं वाक्य

पंचांनी शेवटची शिट्टी वाजवली आणि ती विरायच्या आत गॅलरीतून पहिला दगड आला. तो कुणी मारला हे पुढं कुणालाच सांगता आलं नाही. तसं विचारण्यातही काही अर्थ नव्हता, कारण त्यानंतरचे सगळे दगड इंद्रजित सासने आणि त्याच्यासारख्या पोरांनीच मारले होते.

कोल्हापुरात फुटबॉल मैदानात अकरा जण खेळतात आणि गॅलरीत अख्खी पेठ खेळते. इथं संघ उतरतात ते तालमींच्या नावानं; इंद्रजितची पेठ बुरुज तालमीची, समोरची चिंचगल्ली तालमीची. दोन तालमींचं हाडवैर कशावरून सुरू झालं ते त्यांच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं, पण प्रत्येक पिढीनं आपल्या वाट्याचं वैर इमानेइतबारे निभावलं होतं. त्या दिवशी चिंचगल्लीनं अंतिम सामना एका गोलनं मारला. तो गोल केला दिग्विजय चौगुलेनं. म्हणजे दिगूनं. दिगू हा इंद्रजितचा सख्खा मावसभाऊ, कारण एक बहीण बुरुजात दिली होती आणि दुसरी चिंचगल्लीत, आणि लग्न जमवताना फुटबॉलचा विचार कुणी केला नव्हता.

गॅलरीतल्या खुर्च्या उखडल्या गेल्या. कुणाचं तरी कपाळ फुटलं, ते रक्त पुसायला त्यानं स्वतःच्याच तालमीचा झेंडा वापरला. इंद्रजितनं चिंचगल्लीच्या एका पोराला जर्सीला धरून खाली ओढलं आणि त्याच्या तोंडावर गुडघा हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. मग पोलिसांची लाठी त्याच्या पाठीवर बसली आणि तो पळाला.

या सगळ्या धामधुमीत त्याचे दोन्ही हात दगडांत गुंतलेले होते, फोन खिशात होता, आणि तरीही ‘बुरुजाचे वाघ’ या ग्रुपवर तो अखंड बोलत होता. ही किमया गळपट्टीची.

गळपट्टी मुळात बनली ती आजाऱ्यांसाठी, घशाच्या कर्करोगात ज्यांचा आवाज गेला त्यांच्यासाठी. आपण मनात वाक्य जुळवतो तेव्हा मेंदू जीभ, जबडा आणि कंठाच्या स्नायूंना विजेचे अगदी बारीक इशारे पाठवतच असतो. आवाज फुटत नाही, ओठ हलत नाहीत, पण इशारा पोचलेला असतो. लहान मूल मनात वाचताना ओठ हलवतं; मोठ्यांनी ती सवय मोडली असं आपण समजतो, प्रत्यक्षात ती फक्त कातडीखाली गेलेली असते. कातडीच्या रंगाची ही मऊ पट्टी गळ्याला चिकटवली की ती ते इशारे टिपायची. काही दिवस फोन त्या माणसाच्या सवयी शिकायचा, आणि मग मनातलं वाक्य जसंच्या तसं पडद्यावर उमटायचं.

आजाऱ्यांचं भलं झालं आणि कंपनीचं पोट काही भरलं नाही. मग ती पट्टी कॉलेजात आली. वर्ष-दोन वर्षांत गळा उघडा असलेला विद्यार्थी दिसेनासा झाला. इंद्रजित अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. वर्गात तो फळ्याकडं बघत बसायचा, आणि त्याच वेळी मित्राशी भांडायचा, मैत्रिणीची समजूत काढायचा, कुणाच्या तरी रीलखाली शिव्या घालायचा. पाठवलेलं वाचून बघायची पद्धतच उरली नव्हती. आपण बोललेलं कुणी पुन्हा ऐकत बसतं का?

सुरुवातीला वाक्य पाठवायचं तर जीभ टाळूला टेकवावी लागे. पोरांना तेवढाही धीर निघेना. मग कंपनीनं नवी आवृत्ती काढली. माणूस मनातला शब्द मागं घेतो तेव्हा तो आवंढा गिळतो, असं त्यांच्या चाचण्यांत दिसलं होतं. तेव्हा नियम उलटा केला. ग्रुप उघडा असेल तर मनातलं वाक्य क्षणभर थांबेल, तुम्ही गिळलंत तर पुसलं जाईल, नाही गिळलंत तर जाईल. हुशार कल्पना होती. फक्त त्या चाचण्या झाल्या त्या थंडगार प्रयोगशाळेत, आणि तिथं गालात मावा धरून कोणी येत नव्हतं.

इकडं तर ज्याला मिसरूड फुटलं त्याच्या गालात मावा. सुपारी, तंबाखू, चुना घोळून केलेला तो गोळा एकदा गालात बसला की त्याचा रस गिळायचा नसतो. गिळला की डोकं गरगरतं आणि पोट ढवळतं. माणूस घसा आवळून बसतो आणि मनात आलं की पचकन थुंकतो. पट्टीला थुंकणं कळत नव्हतं.

सामन्याच्या संध्याकाळी इंद्रजित पाठ चोळत घरी आला, तेव्हा आई दारातच उभी होती.

"दिगूला फोन केलास काय?"

"कशाला?"

"कशाला म्हंजे? भावानं गोल मारलाय. त्येला गोव्याच्या क्लबानं चाचणीला बोलीवलंय, पुढच्या आठवड्यात जायाचंय. उज्वला मावशीनं पेढं पाठीवल्यात."

"आम्ही हरलोय आई, आणि तू पेढं खायालीस?"

"मी बहिणीच्या पोराचं खायालोय. तुमच्या तालमीचं तुमी बघा."

तो गच्चीवर गेला. गालात मावा होताच, खिशातल्या फोनवर ग्रुपही उघडाच होता. खाली पेठेत शुकशुकाट होता, पलीकडं चिंचगल्लीत फटाके वाजत होते. लहानपणी दिगू आणि तो एकाच चेंडूमागं पळायचे, आणि इंद्रजितचा पाय दिगूपेक्षा सरस आहे असं तेव्हा सगळे म्हणायचे. मग दोघांना फोन मिळाले. दिगूचा बहुतेक वेळा घरी राहायचा. इंद्रजित सरावाला जायचा तोही फोन घेऊन, मग सरावाचे व्हिडिओ बघायला लागला, मग नुसतेच व्हिडिओ. एका हंगामात त्याचं नाव संघातून गेलं आणि तो गॅलरीत गेला. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण गोव्याचं नाव ऐकल्यापासून त्याच्या छातीत काहीतरी पेटलं होतं.

दिगूचा डावा गुडघा एकदा फुटला म्हंजे कळंल त्येला, त्याच्या मनात आलं. सकाळी म्हशींच्या कट्ट्यावर एकटाच तर असतोय की.

आलं आणि गेलं. असं कुणाच्या मनात येत नाही? पुढच्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली. तो कठड्याशी गेला, खाली वाकून थुंकला, आणि उद्या दिगूला फोन करायचा असं ठरवून झोपायला गेला.

सकाळी त्याला जाग आली ती फोनच्या थरथरीनं. ग्रुपवर आगी पेटल्या होत्या. रात्रभर पोरं बोलत होती, म्हणजे मनात बोलत होती, आणि मनात ती एरवीपेक्षा कितीतरी पट वाईट होती. सगळ्यांच्या वर इंद्रजितची दोन वाक्यं चिकटवून ठेवलेली होती. खाली बुरुज तालमीचा म्होरक्या सयाजी म्हणत होता, "सख्ख्या भावानं पत्ता दिलाय. ह्येला म्हणतात पेठेचं रक्त." त्याखाली फोटो होते. हॉकी स्टिक, सायकलची साखळी, एक लोखंडी गज. आणि सगळ्यात शेवटचं, आत्ताच आलेलं वाक्य: "निघालोय."

इंद्रजितच्या तोंडचं पाणी पळालं. थांबा, मी तसं म्हणालो न्हाई, असं त्यानं मनात म्हटलं. भीतीनं घसा कोरडा पडला होता, आवंढा आपोआप गिळला गेला. वाक्य उमटलं आणि पुसलं गेलं. थांबा. गिळलं, पुसलं. त्याला हात लावू नका. पुसलं. माणूस घाबरला की गिळतोच, त्याला तो तरी काय करणार? शिव्या सगळ्या जात होत्या आणि विनवणी एक जात नव्हती.

त्यानं बोटांनी टाइप करायचा प्रयत्न केला. अक्षरांची पाटी कुठल्या खोबणीत दडली होती ते त्याला आठवेना, कारण पट्टी लावल्यापासून त्यानं ती वापरलीच नव्हती. सयाजीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. फोन उचलणं ही म्हाताऱ्यांची खोड आहे, असं तो स्वतःच म्हणायचा. दिगूला लावला, तर तो मावशीनं उचलला.

"दिगू पळायला गेलाय रं. फोन घरीच हाय. काय काम हुतं?"

"काय न्हाई मावशी," म्हणत तो जिन्यावरून धावत सुटला आणि त्यानं गाडीला किक मारली.

रंकाळ्याच्या मागच्या अंगाला गवळ्यांचा कट्टा आहे. तिथं सकाळी म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. दिगू लहानपणापासून पळून आला की तिथं थांबायचा. पूर्वी दोघं थांबायचे.

गाडी वळली तेव्हाच त्याला आवाज ऐकू आला. माणसांचा नव्हे. पोरं तोंडातून एक शब्द काढत नव्हती. हातपाय चालत होते, शिव्या ग्रुपवर पडत होत्या, आणि कट्ट्यावर फक्त मांसावर लाकूड आदळल्याचा आवाज, साखळीचा खणखणाट आणि दिगूचं ओरडणं होतं. एक म्हैस दावं तोडून उधळली होती. म्हातारा गवळी भिंतीला चिकटून "अरं पोरांनू, मरंल की त्यो!" म्हणून रडत होता, त्याच्याकडं कुणी बघतही नव्हतं.

दिगू शेणात पडला होता. दोघांनी त्याचे खांदे दाबून धरले होते, तिसरा डाव्या पायावर उभा होता. सयाजीनं गज वर केला आणि गुडघ्यावर घातला. एकदा, मग पुन्हा. दिगूचा पाय भलत्याच दिशेला वळला.

"सोडा त्येला!" इंद्रजित ओरडला.

पोरांनी मागं बघितलं आणि त्यांचे चेहरे उजळले. त्यांना तो थांबवायला आलाय असं वाटलंच नाही. वाटणार तरी कसं? ग्रुपवर तर त्याचं वाक्य सगळ्यांच्या वर होतं. "आला रं इंद्या!" कुणीतरी प्रथमच तोंडानं बोललं. सयाजीनं हसत त्याच्या हातात गज दिला.

"घे भावा. शेवटचा तुझा. पत्ता तुझाच हाय."

त्याच वेळी दिगूनं डोकं उचललं. त्यानं काय बघितलं ते उघड आहे. मावसभाऊ समोर उभा, हातात लोखंड.

इंद्रजितनं गज फिरवला आणि सयाजीच्या मनगटावर हाणला. हाड मोडलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. मग सगळेच त्याच्यावर तुटून पडले. साखळी त्याच्या कानावरून गेली आणि कान फाटला, कुणीतरी पोटात लाथ घातली, त्याचा हात मुरगाळून मोडला. तरी तो एकाच्या गळ्याला दातांनी लोंबकळला आणि त्याच्या गळ्यावरची पट्टी कातडीसकट ओढून काढली. तोंडात रक्त आलं ते कुणाचं ते त्याला कळलं नाही.

सयाजी वेदनेनं वेडापिसा झाला होता. त्याला आता गुडघा पुरेना. त्यानं डाव्या हातानं दुधानं भरलेली पितळी चरवी उचलली आणि सगळी ताकद लावून दिगूच्या तोंडावर आपटली. जबडा फुटला. दिगूचं ओरडणं तिथंच थांबलं.

आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या बाकीच्या गवळ्यांनी काठ्या घेऊन पोरांना पिटाळलं आणि पोलिसांनी त्यांना दुपारपर्यंत घराघरांतून उचललं. त्यात अवघड काही नव्हतं. प्रत्येकानं काय केलं ते त्यानं स्वतःच, करता करता, ग्रुपवर लिहून ठेवलं होतं.

घोळ झाला तो इंद्रजितच्या बाबतीत. हाताला प्लास्टर आणि कानाला टाके घालून त्याला फौजदारासमोर बसवलं.

"हे वाक्य तुझं?"

"माझंच हाय."

"कुणाला बोललास?"

"कुणालाच न्हाई. मनात आलं."

"मनात आलं ते ग्रुपवर कसं गेलं?"

"गिळायचं राहिलं साहेब. मावा हुता तोंडात."

फौजदारानं लेखणी खाली ठेवली. मनात आलेल्या वाक्यावर कलम कुठलं लावायचं, याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं आणि वरच्यांकडंही नव्हतं. बोलावलं की हजर राहायचं, या अटीवर त्यांनी त्याला तूर्त सोडलं.

उज्वला मावशीनं मात्र सोडलं नाही. दवाखान्याच्या जिन्यात तिनं त्याच्या फाटक्या कानाखालीच वाजवली.

"मावशी, मी बोललो न्हाई गं. आईशप्पत न्हाई बोललो. नुसतं मनात—"

"मनात आलंच कसं तुझ्या?" ती किंचाळली. "माझ्या हातचं खाऊन वाढलास. तुझ्या मनात आलंच कसं रं ते?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तो रोज येऊन वॉर्डाच्या दाराबाहेर बाकावर बसायचा, ती डबा घेऊन त्याच्यासमोरून आत जायची आणि तशीच बाहेर यायची. त्याच्या गळ्यावर आता पट्टी नव्हती. पट्टी जिथं होती तिथली कातडी फिकी पडली होती, आणि दिवसभरात त्याचा हात शंभर वेळा तिथं जायचा. मित्र नाहीत, ग्रुप नाही, मनात आलेलं सगळं मनातच साचून राहायचं. हे इतकं असतं हे त्याला माहीतच नव्हतं.

गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. दिगू काठी घेऊन चालेल असं डॉक्टर म्हणाले. पळण्याबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. जबडा तारांनी बांधला होता, नाकातून नळी घातली होती. तो शुद्धीवर आला, पण त्याला बोलता येणं शक्य नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी गळपट्टी आणली. ज्या कामासाठी ती बनली होती, त्याच कामासाठी.

"एक सांगून ठेवतो," डॉक्टर मावशीला म्हणाले. "घसा सुजलाय, त्याला अजून गिळता येत नाही. त्यामुळं मनात येईल ते सगळंच्या सगळं पडद्यावर येईल. त्याला निवडता येणार नाही. मनाला लावून घेऊ नका."

फोन शिकेपर्यंत काही दिवस गेले. मग एका दुपारी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "इंद्रजित कोण? तो तुमचं नाव काढतोय."

इंद्रजित आत गेला. मावशी खाटेच्या पलीकडं उभी होती, तिनं मान वर केली नाही. दिगूचा चेहरा ओळखू येत नव्हता, फक्त डोळे त्याचे होते. त्यानं चादरीतून हात बाहेर काढला आणि इंद्रजितच्या चांगल्या हाताची बोटं धरली. हळूच धरली, आणि अंगठा त्याच्या बोटांवरून फिरवत राहिला. इंद्रजितला रडू फुटलं.

उशाशी पडदा होता. त्यावर अक्षरं उमटायला लागली.

इंद्या आला. लोखंड हुतं ह्येच्या हातात. माझा पाय. मारतो ह्येला. सुटलो की गळा दाबतो. ठार मारतो.

हात तसाच होता. अंगठा तसाच फिरत होता. दिगूला पडदा दिसत नव्हता, पण आपल्या मनात काय चाललंय ते त्याला कळत असणारच. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, मान इकडंतिकडं हलायला लागली, नळीभोवती घसा धडपडला. पण त्याला गिळता येत नव्हतं.

ठार मारतो. ठेचून मारतो. इंद्या जाऊ नको. ठार मारतो.

मावशीनं वाचलं आणि ती झेपावून पडद्यासमोर आडवी झाली. दोन्ही हातांनी तिनं अक्षरं झाकली.

"तसलं काय न्हाई," ती घाईघाईनं इंद्रजितला म्हणाली. "त्यो तसला न्हाई रं, तुला म्हाईत हाय की. मनात काय, कुणाच्याबी काय येतंय. मनात आलेलं काय धरून बसायचं?"

आणि ती थांबली. आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं होतं.

मावशी इंद्रजितकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर जे आलं होतं ते काही चांगलं नव्हतं, ते वाचायला त्याला पट्टीची गरज नव्हती. मग तिनं आवंढा गिळला.

"जेवलास काय?" तिनं विचारलं.

"व्हय मावशी."

"खोटं बोलू नगंस."

तिनं पडद्यावरचे हात काढले. तिथं तेच वाक्य पुन्हा पुन्हा उमटत होतं. त्याच्याकडं न बघता ती खाली बसली आणि डबा उघडून त्याच्यासाठी भाकरी मोडायला लागली.